ओमेगाची ‘चौथी’ रेकॉर्ड : एका हंगेरियन बँडचं श्रवणसत्र कसं लावायचं

हंगेरीच्या ओमेगा या रॉक बँडच्या रेकॉर्डी सालवार मांडल्या की आकड्यांत घोळ दिसतो. १९७३ च्या रेकॉर्डीचं नावच ‘ओमेगा ५’. पण तोवर स्टुडिओत केलेल्या आणि हंगेरीत दुकानापर्यंत पोचलेल्या त्यांच्या रेकॉर्डी तीनच होत्या. मग चौथी कुठली? चौथी म्हणजे १९७२ ची ‘एलो ओमेगा’, मराठीत ‘लाइव्ह ओमेगा’. पुढे १९७९ मध्ये दोन तबकड्यांचा आणखी एक लाइव्ह अल्बम आला, तो मात्र मोजणीत धरलेला नाही. तो सोडूनच १९८१ च्या रेकॉर्डीला ‘ओमेगा १०’ म्हटलं गेलं.

एक लाइव्ह अल्बम मोजणीत, दुसरा बाहेर. असं का, एवढं नीट समजावून सांगता आलं तर या बँडची निम्मी कारकीर्द सांगून होते. म्हणून ओमेगावर श्रवणसत्र लावायचं असेल तर स्टुडिओतल्या रेकॉर्डी क्रमानं वाजवत बसू नका. १९७२, १९७९ आणि १९९४ अशी तीन लाइव्ह रेकॉर्डिंगं घ्या आणि बाकीचं त्यांच्या आजूबाजूला लावा. दहा-बारा माणसं, अडीच तास, मध्ये एकदा चहा, असा हा बेत आहे.

आधी उच्चार

पहिली पंधरा मिनिटं नावांवर घालवा. लोकांना हे कंटाळवाणं वाटेल असं आपल्याला वाटतं, पण मराठी माणसाला हंगेरियन लिपी इंग्रजी माणसापेक्षा लवकर जमते. कारण आपल्याकडे दोन च आहेत. हंगेरियनमध्ये नुसतं ‘सी’ आलं तर चमच्यातला च, आणि ‘सी-एस’ जोडून आलं तर चहातला च. ड्रमर फेरेन्त्स देब्रेत्सेनीचं टोपणनाव ‘त्सिकी’ आहे, ते चमच्यातल्या चनं म्हणायचं. नुसतं ‘झेड’ म्हणजे झाडातला झ.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘एस’. एकटा एस म्हणजे श, आणि एस-झेड जोडून आले तर स. इंग्रजीची सवय असलेला माणूस नेमकं उलटं वाचतो. ‘जे’ म्हणजे य. ‘एल-वाय’ म्हणजेही य, म्हणून बास गिटारवाला तमाश मिहाय, ‘मिहाली’ नव्हे. ‘जी-वाय’ हा विद्येतल्या द्य च्या जवळ जातो आणि ‘एन-वाय’ म्हणजे न्य. डोक्यावर काही नसलेला ‘ए’ ऑ कडे झुकतो, तिरकी रेघ असलेला सरळ आ होतो. आघात कायम पहिल्या अक्षरावर.

एवढं झालं की फळ्यावर बँडचं सगळ्यांत गाजलेलं गाणं लिहा आणि लोकांकडूनच वाचून घ्या : ‘द्योंद्यहॉयू लान्य’, म्हणजे मोत्यासारख्या केसांची मुलगी. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात जमतं. अपवादही सांगून ठेवा. गाबोर प्रेसरचं आडनाव जर्मन वळणाचं आहे, तिथे श होत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाका. हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात. कव्हरवर ‘कोबोर यानोश’ असतं, इंग्रजी मजकुरात ‘यानोश कोबोर’. माणूस एकच. ही सूचना दिली नाही तर टिपणं घेणारा कोणीतरी दोन गायक लिहून ठेवतो.

काय जमवायचं

किमान चार गोष्टी लागतात : १९६९ ची ‘तीझेझेर लेपेश’ (दहा हजार पावलं), १९७२ ची ‘एलो ओमेगा’, १९७९ ची ‘गाम्मापोलिस’ आणि त्याच वर्षाचा ‘एलो ओमेगा किश्श्तादिओन ७९’. पाचवी गोष्ट म्हणजे १९९४ च्या बुडापेस्टच्या मैफलीचं रेकॉर्डिंग. सगळं रेकॉर्डीवरच हवं असा हट्ट नको. तबकडी हातात घेऊन दाखवायला एक असली तरी पुरे, बाकी फोनवरून वाजवता येतं.

फोनवर शोधताना नुसतं ‘ओमेगा’ टाकलं तर घड्याळं येतात आणि त्याच नावाचे भलतेच गायक येतात. बँडच्या नावापुढे अल्बमचं नाव टाका. अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबं गाळली तरी बहुतेक वेळा सापडतं. सापडल्यावर मात्र भाषा तपासा, कारण खरी गंमत तिथेच होते. १९७३ पासून ओमेगाच्या इंग्रजी रेकॉर्डी पश्चिम जर्मनीतून बेलाफोन कंपनीच्या बासिलुस या लेबलवर निघत होत्या आणि त्यांची मोजणी वेगळी आहे. तिकडची ‘ओमेगा ३’ आली १९७४ मध्ये, आणि हंगेरीतली तिसरी रेकॉर्ड आहे १९७० ची ‘रात्रीचा हमरस्ता’. ‘टाइम रॉबर’ इंग्रजीत १९७६ मध्ये आली, तिचं हंगेरियन रूप ‘इदोरॉब्लो’ १९७७ मध्ये. ‘गाम्मापोलिस’ दोन्ही भाषांत त्याच नावानं आणि त्याच वर्षी आहे, त्यामुळे तिथे चूक हमखास होते. ओळखायची सोपी खूण : गाण्यांच्या यादीत ‘लेडी ऑफ द समर नाइट’ दिसलं तर ती इंग्रजी आवृत्ती, ‘न्यारी एयेक ऑस्सोन्यॉ’ दिसलं तर हंगेरियन. गाणं तेच. सत्रासाठी हंगेरियन घ्या. कोबोरचं इंग्रजी वाईट आहे असं नाही, पण लाइव्ह अल्बमवर गाणी हंगेरियनमध्ये आहेत आणि आपल्याला स्टुडिओ आणि मैफल शेजारी-शेजारी ठेवून ऐकायची आहेत.

तबकडी घेताना

हंगेरीत तेव्हा रेकॉर्डी काढणारी सरकारी कंपनी एकच होती. शास्त्रीय संगीत हुंगारोतोन या नावाखाली यायचं. पॉप-रॉक आधी क्वालितोन आणि मग पेपिता या नावाखाली. लेबलवरच्या क्रमांकाच्या सुरुवातीला ‘एस’ असेल तर स्टिरिओ. तो नसलेल्या साठच्या दशकातल्या प्रती मोनो असतात. मोनो म्हणजे खराब असा समज करून त्या सोडू नका.

लेबल वाचायला पाच-सहा शब्द पुरतात. ‘ओल्दॉल’ म्हणजे बाजू, ‘झेने’ संगीत, ‘सोवेग’ गाण्याचे शब्द, ‘एनेक’ गायन, ‘दोब’ ड्रम्स, ‘फेलवेतेल’ रेकॉर्डिंग. जुन्या रेकॉर्डीवर ‘सोवेग’ पुढे अदामिश अन्ना आणि ‘झेने’ पुढे प्रेसर गाबोर दिसलं की समजा, आपण १९७१ च्या आधीच्या काळात आहोत. या दोन नावांची गरज पुढे पडणार आहे.

जुनी प्रत विकत घेताना विक्रेत्याकडून दोन फोटो मागा. एक दिव्याच्या तिरक्या उजेडात घेतलेला तबकडीचा, दुसरा मधल्या भोकाभोवतीच्या लेबलचा. भोकाभोवती बारीक करड्या रेघांचं जाळं असेल तर ती रेकॉर्ड भरपूर वाजलेली आहे. वरवर चकचकीत दिसणारी तबकडीही आतून झिजलेली असू शकते. घरगुती साध्या प्लेअरच्या जड सुईनं खाच खरवडली जाते आणि ते डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतं : स, श आणि झांजा फाटल्यासारख्या येतात. धुऊन हे जात नाही. खडखड आणि टकटक बऱ्याचदा धुऊन जाते. दुहेरी अल्बममध्ये दोन्ही तबकड्यांची अवस्था वेगवेगळी विचारा. लोक आवडीची एकच तबकडी घासतात आणि दुसरी कोरी राहते.

पार्सल मागवताना तबकडी कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या कागदी पाकिटात ठेवून पाठवायला सांगा. कव्हरच्या आत राहिली तर प्रवासात आपटून ती कव्हरची शिवण फाडते. दुहेरी अल्बमचं वजन जास्त, तिथे तर नक्कीच.

धुण्यासाठी तीन भाग डिस्टिल्ड वॉटर आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, अर्ध्या लिटरला बिनवासाच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ मायक्रोफायबरचं फडकं खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचं, आडवं नाही. लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा हात. नळाचं पाणी वापरलं तर त्यातले क्षार खाचेत सुकून बसतात आणि आधीपेक्षा जास्त खरखर येते. हे मिश्रण लाखेच्या जुन्या ७८ च्या तबकड्यांना मात्र अजिबात लावू नका, अल्कोहोलनं लाख विरघळते. मुंबई-कोकणात पावसाळ्यानंतर कव्हरच्या आत पांढरट बुरशी दिसली तर आतलं कागदी पाकीट फेकून नवं घाला. तबकडी धुऊन त्याच पाकिटात परत ठेवली तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

खोली आणि यंत्रं

साध्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन स्पीकर पाच-सहा फूट अंतरावर ठेवा, भिंतीपासून फूटभर पुढे. कोपऱ्यात ढकलले तर बास गुरगुरायला लागतो, आणि मिहायचा बास हा या रेकॉर्डींवर मुद्दाम ऐकण्यासारखा आहे. टर्नटेबलची तार ‘फोनो’ लिहिलेल्या जागीच लावायची. साध्या ‘लाइन’च्या भोकात लावली तर आवाज बारीक आणि पातळ येतो आणि लोक रेकॉर्डीला नावं ठेवतात.

सुईचा दाब कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या भागाच्या, कागदावर लिहिलेला असतो. नेहमीच्या कार्ट्रिजला तो १.८ ते २.२ ग्रॅमच्या दरम्यान निघतो. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते. सुटकेससारख्या पेटीतल्या स्वस्त प्लेअरचा दाब ५ ग्रॅमच्या आसपास असतो, त्यावर ‘एलो ओमेगा’ची जुनी प्रत लावायची नाही.

तबकडीच्या प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं आतल्या वर्तुळात येतं आणि तिथे आवाज थोडा बिघडतोच. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगानं सरकते, आत जाताजाता हा वेग २१ वर येतो. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो. गाण्याचा दोष नाही, भूमितीचा आहे. सत्रात एखादं गाणं बाजूच्या शेवटी येत असेल तर ते फोनवरून वाजवा.

फोनवरून वाजवताना तीन सेटिंग्ज आधी तपासा. क्रॉसफेड बंद. आवाज सारखा करणारं नॉर्मलायझेशन बंद. गॅपलेस चालू. लाइव्ह अल्बमवर ही तिन्ही फार नडतात. क्रॉसफेड चालू राहिलं तर एका गाण्याच्या टाळ्या दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीवर सांडतात. गॅपलेस बंद असेल तर टाळ्यांच्या मधोमध कुणी दार आपटल्यासारखी शांतता येते. नॉर्मलायझेशनमुळे हळू आवाजाचं रेकॉर्डिंग उचललं जातं आणि स्टुडिओ आणि मैफल यांतला नेमका फरकच पुसला जातो.

दुहेरी अल्बमची एक खोडी : काही प्रतींत पहिल्या तबकडीवर बाजू १ आणि ४ असतात, दुसरीवर २ आणि ३. दोन रेकॉर्डी एकावर एक टाकणाऱ्या जुन्या प्लेअरसाठी ही सोय होती. म्हणून तबकडी उलटण्याआधी ‘ओल्दॉल’ शेजारचा आकडा वाचा.

पहिला टप्पा : वीस मिनिटं, १९६९

बँड सुरू झाला १९६२ मध्ये बुडापेस्टला. मेकी या टोपणनावाचा गायक यानोश कोबोर आणि कीबोर्डवाला लास्लो बेंको हे पहिल्यापासूनचे. पण गाण्यांना स्वतःचा चेहरा आला तो १९६७ मध्ये गाबोर प्रेसर आल्यावर. संगीत प्रेसरचं, शब्द अन्ना अदामिशचे. अदामिश ही ड्रमर योझेफ लाउक्सची बायको. १९६८ मध्ये बँड इंग्लंडला जाऊन आला आणि तिथे डेक्का कंपनीनं त्यांची एक इंग्रजी रेकॉर्ड काढली. एवढी पार्श्वभूमी बास.

आता ‘द्योंद्यहॉयू लान्य’ स्टुडिओतलं वाजवा, सुमारे पावणेसहा मिनिटं. आधी काहीच सांगू नका. संपल्यावर अर्थ सांगा : सूर्य दमून तळ्यात झोपी गेला, जग काळोखात पडलं, आणि मोत्यासारख्या केसांची मुलगी आली. मग दुसऱ्यांदा वाजवा आणि एकच काम द्या : शब्द संपून नुसता ‘ला ला’ कुठे सुरू होतो ते बोट वर करून दाखवा. हा बिनशब्दांचा भाग पक्का लक्षात राहायला हवा, कारण हीच जागा मैफलीत लोकांच्या ताब्यात जाते.

इथे कोणीतरी म्हणतंच, ‘हे स्कॉर्पियन्सचं आहे ना?’ नाही. स्कॉर्पियन्सनी १९९४ मध्ये ही चाल घेऊन ‘व्हाइट डव्ह’ केलं. २०१३ मध्ये कान्ये वेस्टच्या ‘न्यू स्लेव्ह्ज’च्या शेवटी ओमेगाचंच रेकॉर्डिंग वाजतं आणि त्यावरून प्रेसरनं २०१६ मध्ये अमेरिकेत दावा लावला. चर्चा या वाटेला लागली की अर्धा तास जातो, म्हणून दोन वाक्यांत उरका.

दुसरा टप्पा : तीस मिनिटं, १९७२

सत्राचा जीव इथे आहे, घाई करू नका.

१९७१ मध्ये प्रेसर आणि लाउक्स बँड सोडून गेले आणि त्यांनी लोकोमोतिव्ह जी. टी. काढला. शब्द लिहिणारी अदामिशही अर्थात तिकडे गेली. म्हणजे एका दमात संगीतकार, ड्रमर आणि गीतकार गेले. राहिले कोबोर, बेंको, मिहाय आणि गिटारवाला द्योर्द्य मोलनार, त्याचं टोपणनाव ‘एलेफान्त’, म्हणजे हत्ती. ड्रम्सवर देब्रेत्सेनी आला. हीच पाच जणांची फळी पुढे ओमेगा म्हणून ओळखली गेली. आत्तापर्यंत दुसऱ्यांच्या चाली वाजवणाऱ्यांना आता स्वतः चाली बांधाव्या लागल्या.

त्यांनी नवी स्टुडिओ रेकॉर्ड केली : ‘शेवटच्या युद्धानंतर दोनशे वर्षं’. सरकारी कंपनीनं ती अडवली. तेव्हाच्या हंगेरीत कलेचे तीन खण होते आणि हंगेरियनमध्ये तिघांचीही सुरुवात ‘टी’ या अक्षरानं होते : पाठिंबा दिलेली, चालवून घेतलेली आणि बंदी घातलेली. हे तीन खण फळ्यावर काढा, पण ओमेगाला तिसऱ्यात टाकून मोकळे होऊ नका. बाहेरदेशी दौऱ्याला त्यांना परवानगी मिळत होती, देशात रेकॉर्डी सरकारच विकत होतं. तेच सरकार एखादी रेकॉर्ड थांबवतही होतं. बहुतेक रॉक बँड मधल्या खणात होते, आणि खण कधी बदलेल ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ‘कम्युनिस्टांनी गळा दाबलेला बँड’ अशी एका ओळीची गोष्ट श्रोत्यांना लगेच आवडते आणि ती चुकीची आहे.

स्टुडिओ रेकॉर्डीच्या जागी मग मैफलीची रेकॉर्ड निघाली, ती ‘एलो ओमेगा’. म्हणून तिला चौथा क्रमांक : ती एका स्टुडिओ रेकॉर्डीच्या खुर्चीवर बसली आहे. अडवलेली हंगेरियन रेकॉर्ड त्याच नावानं १९९८ मध्ये बाहेर आली. त्याच नावाची इंग्रजी रेकॉर्ड मात्र पश्चिम जर्मनीत १९७४ मध्येच मिळत होती.

ऐकायची पद्धत अशी. आधी दहा मिनिटं ‘एलो ओमेगा’ सलग वाजवा. यादीत ‘हूत्लेन बॉरातोक’ हे गाणं दाखवा, अर्थ ‘बेइमान मित्र’. नुकतेच कोण सोडून गेले ते आठवलं की नाव कुणाला उद्देशून असावं ते वेगळं सांगावं लागत नाही. मग १९६९ ची एक-दोन मिनिटं परत लावा आणि लगेच १९७२ वर या. विचारा : वाद्यांतलं कोण पुढे आलंय? प्रेसरच्या काळात गाणं ऑर्गन-पियानोवर उभं असायचं. इथे गिटार आणि ड्रम्स रेटा लावतात. चाल ऐकून ‘हा तोच बँड वाटत नाही’ असं कोणी म्हणालं तर तो माणूस बरोबर आहे.

रेकॉर्ड खरोखर मैफलीतली आहे का हे कसं ओळखायचं, असा प्रश्न इथे येतो आणि तो चांगला आहे. टाळ्यांकडे बघू नका, टाळ्या नंतर चिकटवता येतात. गाण्यातल्या सगळ्यांत हळू जागी कान लावा. खऱ्या मैफलीत तिथेही खाली लोकांची कुजबुज, अँपची हलकी घरघर असते. स्टुडिओत गाऊन वर टाळ्या लावल्या असतील तर हळू जागा स्वच्छ निघते आणि गाणं संपताच गर्दी एकदम उगवते. दुसरी खूण ड्रम्सची : गायकाच्या माइकमध्ये ड्रम्स झिरपतात, म्हणून तो गायला लागला की झांजांचा रंग किंचित बदलतो. हेडफोनवर हे लगेच कळतं, स्पीकरवर जरा सराव लागतो.

आता चहा. पंधरा मिनिटं म्हणा, वीस होतात.

तिसरा टप्पा : पन्नास मिनिटं, १९७९

सात वर्षांत चित्र पालटलेलं असतं. ‘इदोरॉब्लो’ (काळाचा लुटारू), ‘ताऱ्यांच्या वाटेवर’ आणि ‘गाम्मापोलिस’ या तीन रेकॉर्डींनी बँड अवकाशात नेला : सिंथेसायझरचे लांब पडदे, सावकाश चढणाऱ्या सुरुवाती, शहरं आणि तारे. शब्द आता पेतेर शुयीचे.

किश्श्तादिओन म्हणजे लहान स्टेडियम. बुडापेस्टच्या मोठ्या नेपश्तादिओनशेजारची ही बर्फावरच्या खेळांची उघडी जागा, उन्हाळ्यात तिथे मैफली व्हायच्या. उघड्यावर भिंतींचा घुमारा नसतो. रेकॉर्डीवर जो ऐकू येतो तो बहुतेक मिक्सिंगच्या टेबलावर घातलेला असतो, एवढं ध्यानात ठेवा. अल्बम दोन तबकड्यांचा, चार बाजूंचा. सगळा ऐकवायचा मोह टाळा.

इथे जोडीनं ऐका. ‘गाम्मापोलिस’मधलं एक गाणं स्टुडिओतलं, पाठोपाठ तेच मैफलीतलं. घड्याळ हातात घेऊन तीन गोष्टी लिहून काढायला सांगा : गाणं किती लांबलं, लय वाढली का, आणि स्टुडिओत थरावर थर चढवलेले सिंथेसायझर बेंकोनं दोन हातांत कसे बसवले. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत रंजक. स्टुडिओत चार आवाज एकत्र येतात, मैफलीत त्यातले दोन निवडावे लागतात, आणि उरलेली पोकळी गिटार भरते. एकदा पूर्ण ऐकून झालं की दुसऱ्यांदा फक्त बास ऐका. लय मोजायला मनगटावर ताल धरून पंधरा सेकंदांतले ठोके मोजायचे आणि चारनं गुणायचं. फोनवरच्या अॅपपेक्षा हे बरं, अॅप टाळ्यांनाही ठोके समजतं.

आणि मग सुरुवातीचा प्रश्न परत विचारा : हा अल्बम मोजणीत का नाही? या वेळी कुठल्याच रेकॉर्डीची जागा भरायची नव्हती. ‘गाम्मापोलिस’ आली होती, विकली जात होती. मैफलीची रेकॉर्ड ही नुसती मैफलीची रेकॉर्ड राहिली. खोलीतलं कोणीतरी हे आपणहून सांगेल, त्याला सांगू द्या.

चौथा टप्पा : वीस मिनिटं, १९९४

१९८७ च्या ‘बाबिलोन’नंतर बँड थांबला होता. ३ सप्टेंबर १९९४ ला ते नेपश्तादिओनमध्ये परत उभे राहिले, आणि स्कॉर्पियन्सचे क्लाउस माइने आणि रुडोल्फ शेंकर पाहुणे म्हणून आले. त्या मैफलीतलं ‘द्योंद्यहॉयू लान्य’ वाजवा. सुरुवातीला बोट वर करून दाखवलेली बिनशब्दांची जागा आली की आवाज किंचित वाढवा, स्टेडियम गायला लागतं. ज्यांनी संध्याकाळच्या सुरुवातीला ते दोनदा ऐकलंय ते इथे आपोआप गुणगुणतात. कोणाला गायला सांगू नका.

सांगायचं उरतं ते थोडक्यात सांगा : २०१३ मध्ये बँडला कोशुत पुरस्कार, हंगेरीतला संस्कृतीसाठीचा सर्वोच्च मान. नोव्हेंबर २०२० मध्ये तीन दिवसांच्या अंतरानं बेंको आणि मिहाय गेले. ६ डिसेंबर २०२१ ला कोबोर कोरोनानं गेला. नेपश्तादिओनही आता नाही, ते पाडून तिथे पुश्काश अरेना उभं आहे.

सत्र मोडता-मोडता तबकड्यांचं काम बाकी असतं. सुई उचलल्यावर लगेच तबकडी कव्हरात कोंबू नका. आधी कार्बन ब्रशनं दोन फेरे, मग आतल्या पाकिटात, आणि पाकिटाचं तोंड कव्हरच्या तोंडाच्या आडवं ठेवून आत सरकवा, म्हणजे धूळ सरळ आत जात नाही. कव्हर उभं ठेवा, आडव्या थप्पीत नाही. पुढच्या महिन्यासाठी रेकॉर्ड आत्ताच बाजूला काढायची असेल तर लोकोमोतिव्ह जी. टी. ची १९७१ ची पहिली काढा. प्रेसर आणि लाउक्स ओमेगातून निघाल्यावर त्याच वर्षी काय करत होते ते तिच्यात आहे, आणि ‘बेइमान मित्र’ कानात ताजं असतानाच ती ऐकायला हवी.